फवारणीच्या ड्रोनचा पहिला हंगाम: यंत्र उडतंय, तुम्ही काय सांभाळायचं?

रिमोट पायलट सर्टिफिकेट हातात पडलं की वाटतं, आता रानात जायचं आणि उडवायचं. पण प्रशिक्षण केंद्राचं मैदान सपाट असतं, वारा बघून उड्डाण लावलेलं असतं आणि शेजारी प्रशिक्षक दुसरा रिमोट धरून उभा असतो. पहिल्या हंगामात यातलं काहीच नसतं. ऊस डोक्यावर गेलेला, बांधावर चार माणसं, कोपऱ्यात विजेची डीपी, खिशात वाजणारा फोन, आणि अंधार पडायच्या आत पुढचं रान गाठायचं असतं.

आजचे फवारणीचे ड्रोन बहुतेक काम स्वतःच करतात. नकाशावर रानाच्या हद्दी टाकल्या की पट्टे आखणं, उंची धरणं, टाकी संपली की परत येणं हे सगळं यंत्राकडे असतं. माणसाकडे उरतं ते लक्ष ठेवणं आणि वेळ पडली तर ताबा घेणं. हे दिसायला सोपं, करायला अवघड. माझं ठाम मत असं, की ड्रोन अडचणीत येतो तो सरळ पट्टा मारताना क्वचितच. ताबा यंत्राकडून माणसाकडे येताना, बॅटरी बदलताना, एका माणसाचं काम दुसऱ्याकडे जाताना, एका रानातून दुसऱ्या रानात जाताना येतो. म्हणून या लेखातल्या बहुतेक पायऱ्या अशा अदलाबदलीच्या क्षणांबद्दल आहेत.

१. कागद आणि सामान आदल्या रात्रीच एका पिशवीत

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोचा ड्रोन 'स्मॉल' वर्गात येतो. दहा लिटर टाकीचे बहुतेक ड्रोन भरलेल्या वजनासह याच वर्गात बसतात. सर्टिफिकेटसाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या केंद्रातलं प्रशिक्षण लागतं. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं. नमो ड्रोन दीदी योजनेतल्या बचत गटांच्या ताईंना एकूण १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, त्यात उड्डाणाचे दिवस पाचच. म्हणजे खरं शिकणं पुढेच असतं, हे ध्यानात ठेवा.

सोबत ठेवायचे कागद:
- रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि ओळखपत्र
- ड्रोनचा नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन (ड्रोनवरही लिहिलेला हवा)
- तृतीय पक्ष विम्याची प्रत
- त्या दिवशी पाहिलेल्या हवाई क्षेत्राच्या नकाशाचा स्क्रीनशॉट
- औषधाचं लेबल, शेतकऱ्याने सांगितलेलं प्रमाण आणि गट नंबर

सामान: वारा मोजायचं मीटर, दोन वॉकीटॉकी, शिट्टी, टोपी, साधा गॉगल, पिण्याचं पाणी वेगळं आणि हात धुवायचं वेगळं, नायट्राइल हातमोजे, मास्क, प्रथमोपचार पेटी, वाळूची बादली, छापील चेकलिस्ट, पेन.

गॉगल 'साधा' का म्हटलं? पोलराइज्ड काचेतून रिमोटची किंवा टॅबलेटची स्क्रीन विशिष्ट कोनात काळी पडते. दुपारी बांधावर उभं राहून 'स्क्रीन बंद पडली' असं वाटतं आणि माणूस घाबरून भलतंच बटण दाबतो. विकत घेण्याआधी दुकानातच मोबाइल धरून, आडवा-उभा फिरवून बघा.

हवाई क्षेत्राचं थोडक्यात: नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच परवानगी लागते. ओझर विमानतळाच्या भोवती द्राक्षबागा आहेत, बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिक सराव करतात. 'मी तर तीन मीटरवरून फवारतोय' हे उत्तर तिथे चालत नाही. नकाशा दर वेळी नव्याने बघा.

२. ड्रोन गाडीतून काढायच्या आधी रानाला फेरी मारा

पायी. मोबाइलवरच्या नकाशात विजेची तार दिसत नाही, आणि उघड्या आकाशासमोर डोळ्यालाही दिसत नाही. तार शोधू नका, खांब शोधा. एक खांब दिसला की दुसरा कुठे असेल ते बघा आणि मधली रेघ मनात ओढा. खांबाला दिलेला तिरपा ताण सगळ्यात फसवा, कारण तो खांबापासून लांब, थेट पिकात उतरतो. विहिरीच्या मोटारीला गेलेली सर्व्हिस वायर, बागेवरच्या जाळीची तार, शेवग्याची एकटी वाढलेली फांदी यांचीही नोंद घ्या.

तारेखाली येणारा पट्टा ड्रोनने मारू नका. तो पाठीवरच्या पंपाने मारायला सांगा. शेतकरी कुरकुर करतो, करू दे. कारण असं: ड्रोन तारेखाली असताना सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली, तर 'रिटर्न टू होम', म्हणजे आपोआप परत यायची सोय, आधी त्याला सरळ वर चढवतं. यंत्र शिकवल्याप्रमाणेच वागतं, वर तार आहे हे त्याला माहीत नसतं.

उड्डाणाची जागा डीपी, पत्र्याची शेड आणि गाडीच्या बॉनेटपासून दूर घ्या. लोखंडाजवळ होकायंत्र बिथरतं. तुम्ही स्वतः उभे राहणार ती जागाही आताच ठरवा: सूर्य पाठीमागे, वारा पाठीवर किंवा बाजूने, आणि सगळं रान नजरेत.

३. मग स्वतःला तपासा

ड्रोनची बॅटरी आपण व्होल्टमध्ये मोजतो, स्वतःला मात्र 'चालतंय की' म्हणून सोडून देतो. मी सहायकाला हे प्रश्न मोठ्याने विचारायला लावतो, आणि उत्तरही मोठ्याने देतो:

झोप किती झाली? हंगामात पहाटे चारला उठणं आणि रात्री अकरापर्यंत बॅटऱ्या चार्ज करणं हे सर्रास चालतं. झोप कमी असली की माणूस हळू होतो; आणि आपण हळू झालोय हे त्यालाच कळत नाही, ही खरी अडचण.

गोळी कोणती घेतली? सर्दीच्या, अॅलर्जीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. 'एवढीशी गोळी' म्हणून लपवायचं नाही. दारूचा प्रश्नच नको, आदल्या रात्रीच्याही नाही.

खाल्लं, पाणी प्यालं? दुपारच्या उन्हात उपाशीपोटी उभं राहिल्यावर चिडचिड आधी येते, चूक मागून.

घरी काही बिनसलंय? बाकीच्या प्रश्नांची उत्तरं खरी येतात, या प्रश्नाचं सहसा येत नाही. तरी विचारायचा.

आणि डोळ्यांना काही होतंय? हा प्रश्न फवारणीवाल्यांचा खास. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. ड्रोनवाल्याला वाटतं, आपण तर लांब उभे, आपल्याला काय होणार. पण औषध कालवताना ते सर्वांत तीव्र असतं, आणि ते कालवणारे, टाकी भरणारे हात आपल्याच गटातले असतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं औषध अंगात गेलं तर डोळ्याच्या बाहुल्या बारीक होतात, अंधुक दिसतं, घाम सुटतो, डोकं दुखतं, मळमळतं. संध्याकाळी 'आज लवकर अंधारल्यासारखं वाटतंय' असं कुणी म्हणालं तर आकाशाकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा. काम बंद, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचं लेबल घेऊन दवाखाना. ज्याने औषध कालवलं त्याने त्या दिवशी रिमोट हातात घ्यायचा नाही, हा नियम मी कधीच सैल करत नाही.

४. तीन माणसं, तीन कामं, ठरलेले शब्द

पायलट, निरीक्षक आणि टाकी-बॅटरीवाला. दोघांत भागवता येतं, एकट्याने मात्र नको.

निरीक्षक रानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहतो. लांबवर गेलेला ड्रोन झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे एका टोकावरून सांगता येत नाही. अंतर वाढलं की डोळ्याचा खोलीचा अंदाज संपतो, मग अनुभव दहा वर्षांचा असो की दहा दिवसांचा. तिथे उभ्या असलेल्या माणसाला ते सहज दिसतं.

शब्द आधीच ठरवून घ्या आणि मोजकेच ठेवा. आमच्याकडे असे आहेत: 'थांब' म्हणजे जागेवर हवेत थांबव. 'वर' म्हणजे लगेच उंची घे. 'माणूस' म्हणजे रानात कुणी शिरलंय. 'बघ जरा', 'अरे अरे', 'तिकडं तिकडं' असले शब्द वॉकीटॉकीवर बंद. 'तिकडं' म्हणजे कुणाच्या डावीकडे? दिशा सांगायचीच तर विहिरीकडे, रस्त्याकडे, डीपीकडे अशी सांगा.

टेकऑफ, लँडिंग आणि बॅटरी बदल या तीन वेळी अवांतर गप्पा नाहीत. मोठ्या विमानांत हा धडा फार महाग पडला. १९७४ साली अमेरिकेत शार्लट इथे विमान उतरवताना कॉकपिटमध्ये भलत्याच विषयांवर गप्पा चालू होत्या आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. असे अपघात बघून १९८१ साली तिथे नियम झाला, की १०,००० फुटांखाली वैमानिकांनी कामाशिवाय बोलायचं नाही. आपले १०,००० फूट म्हणजे ड्रोन जमिनीवरून उचलल्यापासून पहिल्या पट्ट्याला लागेपर्यंत. फोन त्या वेळी सहायकाच्या खिशात.

५. नजर कुठे ठेवायची

स्क्रीनवर बघणं सवयीचं होतं, कारण तिथे सगळं नीटनेटकं दिसतं: बाण, हिरवी रेघ, टक्के. पण स्क्रीनला बैलगाडी दिसत नाही. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडजवळ एक हौशी फँटम ड्रोन लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला धडकला. ड्रोन उडवणारा माणूस चार किलोमीटर दूर टॅबलेटवर बघत होता. टक्कर झाली हेही त्याला कळलं नाही. तपास करणारे त्याच्यापर्यंत पोहोचले तेव्हा कळलं. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं, हे नशीब.

म्हणून नजर ड्रोनवर, स्क्रीनवर फक्त ओझरती: व्होल्टेज, उंची, सॅटेलाइटची संख्या, पुन्हा वर. ड्रोन शोधायला दोन क्षणांपेक्षा जास्त लागले तर तो जास्त लांब गेलाय असं समजा.

नवख्यांचा नेहमीचा घोटाळा म्हणजे तोंड आपल्याकडे असलेला ड्रोन. पट्टा मारून परत येताना त्याचं नाक तुमच्याकडे असेल, तर त्याचं डावं म्हणजे तुमचं उजवं. शांतपणे उभं असताना हे सगळ्यांना पाठ असतं. झाड जवळ आलं की हात जुन्या सवयीने चालतो आणि ड्रोन झाडातच जातो. उपाय दोन. पहिला, सिम्युलेटरवर रोज थोडा वेळ फक्त नाक आपल्याकडे ठेवून उडवा, कंटाळा येईपर्यंत. दुसरा, खऱ्या रानात गडबड झाली तर डावं-उजवं करायच्या भानगडीत पडू नका: रिमोटच्या काड्या मध्ये आणून सोडा, ड्रोन जीपीएसवर थांबू द्या, मग उंची घ्या. वर गेल्यावर विचार करायला वेळ असतो. मात्र डोक्यावर तार नाही हे आधी माहीत हवं, म्हणून ती पायी फेरी.

६. ऑटोवरून मॅन्युअल: सगळ्यात नाजूक जागा

इथे थोडा वेळ थांबू या. २५ एप्रिल २००६ च्या पहाटे अॅरिझोनात नोगालेसजवळ अमेरिकेच्या सीमा रक्षकांचं मानवरहित प्रीडेटर बी विमान कोसळलं. जमिनीवर दोन जवळपास सारखे कन्सोल होते. एकावरून पायलट उडवत होता, दुसऱ्यावरून कॅमेरा चालत होता. पायलटचा कन्सोल अडकला, म्हणून त्याने ताबा दुसऱ्या कन्सोलवर घेतला. तिथे एक दांडा होता. कॅमेरा चालवताना तो कॅमेऱ्याच्या झडपेचं काम करायचा, उडवताना मात्र तोच इंजिनाचा दांडा व्हायचा. कॅमेऱ्यासाठी तो ज्या जागी ठेवला होता, ती इंजिनाच्या भाषेत 'इंधन बंद' होती. ताबा घेण्याआधी दोन्ही कन्सोलचे दांडे जुळवा, असं चेकलिस्टमध्ये लिहिलेलं होतं. चेकलिस्ट वापरली गेली नाही. इंजिन बंद पडलं, विमान खाली येत गेलं आणि पडलं. यंत्राने सांगितलेलंच केलं होतं.

आपल्या रिमोटवर हाच सापळा लहान रूपात आहे. जोडणी केलेल्या बऱ्याच ड्रोनच्या रिमोटमध्ये थ्रॉटलची, म्हणजे वर-खाली नेण्याची, काडी स्प्रिंगने मध्ये येत नाही, जिथे सोडाल तिथेच राहते. ऑटोवर काम चालू असताना ती काडी खाली पडलेली असली तरी काही फरक पडत नाही, ड्रोन आपली उंची धरून असतो. समोर माणूस आला, तुम्ही घाईने स्विच मॅन्युअलवर टाकला, आणि त्या क्षणी ड्रोन काडीचं ऐकू लागतो: काडी खाली म्हणजे खाली ये. ज्या माणसाला वाचवायला ताबा घेतला, ड्रोन त्याच्याच अंगावर उतरतो.

म्हणून ऑटोवर पट्टा सुरू झाला की लगेच:
१) थ्रॉटलची काडी बरोबर मध्ये आणा आणि अंगठा तिथेच ठेवा.
२) स्विचची कोणती जागा म्हणजे कोणता मोड, हे तोंडाने म्हणा. दुसऱ्याचा रिमोट हातात घेतला असेल तर दोनदा म्हणा.
३) ताबा घ्यायची वेळ आली तर क्रम असा: आधी काडी बघा, मग स्विच, मग हालचाल.

दुसऱ्याच्या रिमोटवर मोड १ आहे की मोड २ हेही विचारा. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला, मोड १ मध्ये उजव्या. आणि स्विच 'अॅटिट्यूड' मोडवर (यात ड्रोन जीपीएसने जागा धरत नाही) गेला, तर काड्या सोडूनही ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जातो. त्याला बिघाड समजून लोक गांगरतात. रिकाम्या टाकीने, मोकळ्या माळावर, हे वाहणं एकदा मुद्दाम अनुभवून ठेवा.

ताबा घ्यायची वेळ फार क्वचित येते, आणि म्हणूनच ती जड जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांचं लक्ष का ढळतं, हे शोधायला नॉर्मन मॅकवर्थ याने घड्याळाच्या काट्याचा प्रयोग केला. एकसुरी काट्याने अधूनमधून मारलेली उडी टिपायची, एवढंच काम. अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. ऑटोवरचे पट्टे बघणं हे असंच एकसुरी काम आहे. दर दोन-तीन बॅटऱ्यांनी पायलट आणि निरीक्षक यांची अदलाबदल करा (निरीक्षकाकडेही सर्टिफिकेट असेल तरच), आणि अदलाबदल ड्रोन जमिनीवर, मोटारी बंद असताना. हवेत रिमोट कुणाच्या हातात द्यायचा नाही.

७. बॅटरी आणि टाकीचा बदल

दहा-बारा मिनिटांनी ड्रोन उतरतो आणि शर्यत लागल्यासारखी धावपळ सुरू होते. पंखे फिरायचे थांबले म्हणजे मोटारी बंद, असं समजू नका. पायलट 'डिसआर्म' (मोटारी बंद केल्या) म्हणेपर्यंत टाकीवाल्याने पाऊल टाकायचं नाही. रिमोट त्या वेळी खाली ठेवायचा नाही, गळ्यात लोंबकळवायचाही नाही. पट्ट्यात किंवा बाहीत काडी अडकते.

बदलानंतर चार गोष्टी हात लावून बघा: बॅटरीचा पट्टा, कनेक्टर, ड्रोनच्या घडीच्या हातांचे लॉक, टाकीचं झाकण. 'मगाशीच बघितलं होतं' हे उत्तर मान्य नाही. भरलेल्या सेलचा आकडा ४.२ व्होल्टच्या आसपास हवा. अर्धी वापरलेली बॅटरी चार्ज झालेल्या ढिगात गेली की पुढचं उड्डाण मध्येच तुटतं. वापरलेल्यावर लाल फडकं बांधा, तेवढं पुरतं.

मग येतो 'रिझ्युम', म्हणजे अर्धं राहिलेलं काम पुढे चालू करणं. ड्रोन काम थांबलं त्या जागी सरळ रेषेत निघतो, आणि तुम्ही मधल्या वेळात उड्डाणाची जागा बदलली असेल तर त्या रेषेत आता आंब्याचं झाड असू शकतं. रिझ्युम दाबण्याआधी त्या दिशेने हात लांबवून बोट दाखवा आणि बोटाच्या रेषेत काय येतंय ते बघा. होम पॉइंटही (परत यायची जागा) नव्याने नोंदला का ते पाहा, नाहीतर मागच्या रानातल्या जागेकडे परत निघेल. परतीची उंची प्रत्येक रानासाठी वेगळी, तिथल्या सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त.

८. बांधावरचा दबाव

'पायलटदादा, एवढा कोपरा राहिलाय, घ्या की मारून.' कोपऱ्यातच डीपी असतो. समोरचा माणूस वाईट नसतो. त्याने औषध कालवलेलं असतं, मजूर मिळत नाही, पावसाची चिन्हं असतात. आणि आपल्यालाही एकराचे पैसे मिळतात, एकर सोडल्याचे नाहीत. याच क्षणी निर्णय घ्यायला बसलात तर तो चुकीकडेच झुकतो.

म्हणून मर्यादा सकाळीच, शेतकऱ्यासमोर सांगून टाका. मी मीटर त्यांच्याच हातात देतो: 'काका, काटा सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला की मी उतरवणार. शेजारच्या रानात औषध गेलं तर भांडण तुमचं.' मग वारा वाढल्यावर नाही म्हणायची वेळ आपल्यावर येत नाही, काकाच ओरडतात, 'ओ, वाढला बघा!' शेवटची बॅटरी कधी वर न्यायची, सूर्य कुठे आला की थांबायचं, किती माणसं बांधावर चालतील, हेही तेव्हाच. बघ्यांसाठी दोरी लावा. पोरं ऐकत नसतील तर त्यांच्यातल्याच एका मोठ्याला शिट्टी देऊन राखणीला बसवा, बाकीची आपोआप मागे सरतात.

गटातला सर्वांत नवा माणूस 'थांब' म्हणाला तरी ड्रोन थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. त्याचं म्हणणं चुकीचं निघालं तरी त्याला बोल लावायचा नाही. एकदा लावलात की पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

९. वही आणि काही बिनसलं तर

रोजच्या नोंदीत रान, वेळ, बॅटरीचा नंबर, वारा, कोण पायलट, कोण निरीक्षक एवढं लिहा. त्याखाली एक ओळ 'थोडक्यात वाचलं' प्रसंगांसाठी ठेवा: मोड चुकीचा होता, निरीक्षकाचा आवाज पोहोचला नाही, टाकीवाला लवकर पुढे आला. नावं न लिहिता लिहा, म्हणजे लोक खरं सांगतात. आठवड्याच्या शेवटी तिघांनी मिळून वाचलं की दिसतं, तीच गोष्ट त्याच वेळी घडतेय. बहुतेकदा जेवणाआधीच्या शेवटच्या बॅटरीला.

खरोखर अपघात झालाच तर आधी माणूस, मग बॅटरी. फुगलेली किंवा चेपलेली लिथियम बॅटरी गाडीत घेऊ नका. मोकळ्यावर ठेवून लांबून लक्ष ठेवा, कारण ती बऱ्याच वेळाने पेट घेऊ शकते. ड्रोन नियमांप्रमाणे अपघाताची माहिती पायलटने ४८ तासांच्या आत डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरून डीजीसीएला द्यायची असते. ड्रोनमधला लॉग (उड्डाणाची नोंद) पुसू नका, जागेचे फोटो काढा, आणि तिघांनी काय पाहिलं ते एकमेकांशी बोलायच्या आधी वेगवेगळं लिहून ठेवा. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.